प्रसूतिकक्षात सही मागण्याआधी : नीतिसमित्यांना आणि संशोधकांना खुलं पत्र

नीतिसमित्यांच्या सदस्यांना आणि चाचण्यांच्या प्रमुख संशोधकांना,

सप्रेम नमस्कार.

गरोदरपण आणि बाळंतपणातल्या गुंतागुंतींवरच्या क्लिनिकल चाचण्या तुम्ही आखता, तपासता, मंजूर करता. त्या चाचणीचा कागद बाईच्या हातात द्यायचं काम आमच्याकडे येतं. आम्ही म्हणजे प्रसूतिकक्षातल्या परिचारिका, मिडवाइफ, चाचणी समन्वयक आणि रात्रपाळीचे निवासी डॉक्टर. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, औषधाची मात्रा, नमुन्याचा आकार आणि सांख्यिकी यांवर पानंच्या पानं असतात. संमतीच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येतं : 'पात्र स्त्रियांकडून लेखी संमती घेतली जाईल.' कधी, कुठे, कोणी, किती वेळात, आणि तेव्हा ती बाई कोणत्या अवस्थेत असेल, याबद्दल त्यात अक्षर नसतं. आमची मागणी त्या वाक्याबद्दल आहे. ते बदला, आणि विचारायला सुरुवात कळा सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी करा.

गर्भवतींना चाचण्यांपासून लांब ठेवा, असा याचा अर्थ कुणी काढू नये. तो प्रयोग जगाने करून पाहिला आहे. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथे मागे घेतलं गेलं. गर्भावर त्याचा काय परिणाम होतो हे आधी नीट तपासलेलंच नव्हतं. त्यावरून निष्कर्ष मात्र उलटा निघाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांनाच नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं, आणि ते धोरण १९९३ मध्ये बदललं. कोविड लशींच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांतही गर्भवतींना घेतलं नव्हतं. लस उपलब्ध झाल्यावर ती घ्यायची की नाही, हा निर्णय मग एकेकीच्या आणि तिच्या डॉक्टरच्या गळ्यात पडला. वगळल्याने धोका नाहीसा होत नाही. तो चाचणीतून उठून रोजच्या औषधाच्या चिठ्ठीवर जाऊन बसतो, आणि तिथे त्याची नोंद ठेवणारं कुणी नसतं. शिवाय गरोदरपणात शरीरातलं रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, मूत्रपिंडांची गाळण्याची गती जवळपास दीडपट होते, त्यामुळे एरवी पुरणारी मात्रा कमी पडू शकते. किती कमी पडते, हे गर्भवतींमध्येच मोजावं लागतं.

तेव्हा चाचण्या हव्यातच. पण नुसती चाचणी झाली म्हणजे भागलं, असंही नाही. डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे संप्रेरक एके काळी गर्भपात टळावा म्हणून सर्रास देत. ते निरुपयोगी आहे हे शिकागोतल्या एका मोठ्या चाचणीत १९५३ मध्येच दिसलं होतं. तरी ते दिलं जात राहिलं, आणि ज्या गर्भवतींनी ते घेतलं त्यांच्या मुलींना तरुण वयात योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होऊ शकतो हे १९७१ मध्ये उघड झालं. आपल्याला काय दिलं जातंय हे सांगितलंच नव्हतं, म्हणून त्या चाचणीतल्या काही स्त्रिया पुढे न्यायालयात गेल्या. औषधाचा दोष आणि विचारण्यातला दोष, दोन्ही एकाच ठिकाणी.

आता मुद्द्यावर. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव घ्या. 'वुमन' ही ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाची चाचणी २०१० ते २०१६ या काळात २१ देशांतल्या १९३ रुग्णालयांत झाली; २०,०६० स्त्रिया त्यात होत्या. प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आले. पुढच्या विश्लेषणात दिसलं, की औषध द्यायला लागणाऱ्या दर १५ मिनिटांच्या उशिरामागे फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो. अशा वेळी बारा पानांचं संमतिपत्र वाचून घेणं हा उपचारातलाच उशीर आहे. आणि न वाचता घेतलेली सही ही संमती नाही. या दोन्हींच्या कात्रीत तुमचा प्रोटोकॉल आम्हाला सोडून देतो.

यातून सुटायची वाट आधीच सांगून ठेवण्याची आहे. अतिरक्तस्रावासारख्या अचानक येणाऱ्या गुंतागुंतीसाठी आम्हाला पुढचा क्रम योग्य वाटतो. साधारण २८ व्या आठवड्याच्या तपासणीत एका पानाचं पत्रक द्यावं आणि पाच मिनिटं तोंडी सांगावं. सही त्या दिवशी घेऊच नये. कागद तिच्यासोबत घरी जाऊ द्यावा. ३६ व्या आठवड्याच्या सुमारास तिच्या शंका ऐकाव्यात आणि तिचं उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर लिहावं. उत्तरं तीन असू शकतात : 'हो', 'नाही' आणि 'तेव्हा विचारा'. 'नाही' लिहून ठेवणं 'हो' इतकंच महत्त्वाचं आहे, कारण ते लिहिलं नाही तर तीन पाळ्यांतली तीन माणसं कळा देणाऱ्या बाईला तोच प्रश्न पुन्हा विचारतात, आणि तिसऱ्यांदा येणारा 'हो' कंटाळ्याचा असतो. दाखल होताना, कळा अजून सोसवत असताना, एका मिनिटात खात्री करावी. प्रत्यक्ष प्रसंगी एक वाक्य पुरतं : 'आपण ज्या चाचणीबद्दल बोललो होतो तिची वेळ आली आहे, पुढे जाऊ ना?' बाळंतपणानंतर २४ ते ४८ तासांत सविस्तर बोलणं व्हावं, आणि तेव्हाही बाहेर पडायची मोकळीक असावी.

हेच आठवडे सगळीकडे चालणार नाहीत. 'ॲस्प्रे' चाचणीत प्री-एक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या गंभीर आजाराची) जोखीम जास्त असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं गेलं. ३७ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागेल असा प्री-एक्लॅम्प्सिया ॲस्पिरिनच्या गटात १.६ टक्के आणि प्लासिबोच्या (औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीच्या) गटात ४.३ टक्के जणींना झाला. तिथे पहिल्या सोनोग्राफीच्या दिवशीच विषय निघायला हवा. अकाली प्रसूतीवरच्या चाचणीची पात्रता २६ आठवड्यांपासून सुरू होत असेल, तर २० आठवड्यांच्या सोनोग्राफीला पत्रक हातात पडलं पाहिजे. प्रत्येक प्रोटोकॉलला असं स्वतःचं वेळापत्रक हवं. ते काढायला संशोधकाला अर्धा तास पुरतो.

याला एक आक्षेप नेहमी येतो : बहुतेक जणींना ही गुंतागुंत होणारच नाही, मग सगळ्यांना कशाला घाबरवायचं? आक्षेप अगदीच पोकळ नाही. म्हणून पत्रकाचं पहिलं वाक्य 'बहुतेक बाळंतपणांत असं होत नाही' हेच असावं, आणि 'जीवघेणा', 'मृत्यू' हे शब्द दुसऱ्या परिच्छेदाआधी येऊ नयेत. ते लपवू मात्र नयेत. आधी कळून थोडी धास्ती वाटणं आणि ऐन प्रसंगी काहीच न समजणं यांत निवड करायची तर पहिलं बरं. ज्यांना ते ऐकायचंच नाही त्यांना 'नको सांगू' म्हणायचा हक्क आहे, आणि त्यांच्या फाइलवर तसं लिहावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काही बायका एकाही तपासणीला न येता थेट कळा घेऊन येतात. आधीची संमती सक्तीची केली तर नेमक्या याच बाहेर राहतात. गुंतागुंतीचा धोका त्यांना बहुधा जास्त असतो आणि औषधाची गरजही त्यांनाच अधिक. त्यांना वगळून निघालेला निष्कर्ष त्यांना लागू पडेल की नाही, कोण सांगणार? म्हणून दुसरी वाट उघडी ठेवावीच लागेल. 'वुमन' चाचणीत तशी होती : बाई समजून उत्तर देण्याच्या अवस्थेत असेल तर तिची संमती, नसेल तर नातेवाइकाची किंवा प्रतिनिधीची, आणि जिथे नियमांत बसत होतं तिथे आधी उपचार व नंतर संमती. ही वाट कुणासाठी, कोणत्या खुणा दिसल्यावर, आणि नंतरचं बोलणं किती तासांत, हे प्रोटोकॉलमध्ये लिहा. नाहीतर अपवाद म्हणून ठेवलेली वाट सोयीची म्हणून वापरात येते. एखाद्या केंद्रावर निम्म्याहून जास्त सहभागी या वाटेने आल्या असतील, तर समितीने त्या केंद्राकडे स्पष्टीकरण मागावं.

कळा सुरू असताना विचारावंच लागलं तर काय पाळायचं? कळा दर तीन मिनिटांनी येऊन मिनिटभर टिकत असेल तर मध्ये दोन मिनिटं मिळतात. कळ आली की बोलणं थांबवायचं, आणि ती ओसरल्यावर शेवटचं वाक्य पुन्हा सांगून मग पुढे जायचं. बाळ खाली सरकून जोर द्यायची वेळ आली असेल तर विचारायचंच नाही. पेथिडिनसारखं वेदनाशामक इंजेक्शन दिलं असेल तर गुंगी उतरेपर्यंत थांबायचं. मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट (झटके टाळणारं औषध) सुरू असलेली बाईही सुस्तावलेली असू शकते. ती मान डोलावते म्हणून तिला समजलंच असं धरू नये. एपिड्युरल (पाठीतून दिलेलं, कळा बधिर करणारं औषध) नीट लागू पडलं असेल तर मात्र ती वेळ चांगली. विचारणारी व्यक्ती बाळंतपण करणारी नसावी, कारण नाही म्हटलं तर आपल्याकडे दुर्लक्ष होईल ही भीती बाई बोलून दाखवत नाही. शेवटी तिला तिच्या शब्दांत तीन गोष्टी सांगायला लावायच्या : हे संशोधन आहे, कोणता गट मिळेल ते चिठ्ठीने ठरतं, आणि नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार मिळतातच. तिन्ही सांगता आल्या नाहीत तर नोंदणी नाही. या नियमाने तुमची भरती मंदावेल. मंदावू द्या.

नातेवाइकांबद्दल थोडक्यात. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, जी 'सिओम्स' या वैद्यकीय संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार केली, स्पष्ट म्हटलं आहे की स्त्रीच्या स्वतःच्या संमतीची जागा दुसऱ्या कुणाची परवानगी घेऊ शकत नाही. कागदावर हे सगळ्यांना मान्य असतं. प्रत्यक्षात प्रश्न बाईला विचारला जातो आणि उत्तर शेजारून येतं. बीपी घेण्याच्या निमित्ताने पाच मिनिटं तिला एकटीला भेटायची सोय चाचणीच्या कामकाजात लिहून ठेवली, की कुणाचा अपमान न होता काम होतं.

कोणत्या रुग्णालयात कोणती पद्धत वापरायची हे चिठ्ठीने ठरवणाऱ्या चाचण्यांचा प्रश्न वेगळा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ई-मोटिव्ह' चाचणीत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली ८० रुग्णालयं होती आणि दोन लाखांहून जास्त बाळंतपणांची नोंद झाली. मापाच्या खुणा असलेल्या पिशवीने रक्त मोजायचं आणि मसाज, गर्भाशय आकसवणारी औषधं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून द्रव, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं, अशी ती पद्धत. तीव्र रक्तस्राव किंवा त्यापायी शस्त्रक्रिया वा मृत्यू हा परिणाम ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. अशा चाचणीत संपूर्ण कक्षाची पद्धतच बदलते. एकटी बाई 'मला जुनी पद्धत द्या' म्हणू शकत नाही. मग तिच्याकडून उपचाराची संमती मागण्याचं नाटक करू नये. भिंतीवर ठळक फलक लावावा, दाखल होताना सांगावं, आणि तिच्या हातात खरोखर जे आहे, म्हणजे तिची माहिती वापरू द्यायची की नाही, तेवढंच विचारावं.

आता माहितीपत्रकातल्या आकड्यांकडे या. 'धोका ५८ टक्क्यांनी कमी' हे वाक्य खरं असूनही तिला काहीच सांगत नाही. मॅग्नेशियम सल्फेटच्या 'मॅगपाय' चाचणीत, जी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, ३३ देशांतल्या १०,१४१ स्त्रिया होत्या. झटके येण्याचं प्रमाण १.९ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हेच असं लिहा : 'प्री-एक्लॅम्प्सिया असलेल्या १,००० जणींना हे औषध दिलं तर सुमारे ११ जणींचे झटके टळतात. १०० पैकी साधारण २४ जणींना अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं किंवा मळमळल्यासारखं होतं. औषध नसलेल्या पाण्यानेही ५ जणींना होतं.' त्यापुढे काय तपासलं जाईल ते सांगा : गुडघ्यावर हातोडीने ठोकून पाय उडतो का ते पाहतील, श्वास मोजतील, लघवी चार तासांत १०० मिलिलिटरच्या खाली जात नाही ना ते बघतील, आणि गरज पडली तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ तयार आहे. रात्री कुणी गुडघ्यावर का ठोकतंय हे कळलेली बाई औषध मध्येच बंद करा म्हणत नाही.

बहुतेक पत्रकांत चाचणीत आल्यावर काय मिळेल ते लांबलचक असतं. न आल्यास काय मिळेल हे शोधूनही सापडत नाही. ते पहिल्या पानावर हवं. प्लासिबो असेल तर नेहमीचे उपचार दोन्ही गटांत चालूच राहतील हेही तिथेच.

आणि बाळ. संमतिपत्रात 'सहभागी' एकच असते, चाचणीत मात्र दोघं असतात. नाळेतलं रक्त घेणार का, वारेचा तुकडा ठेवणार का, बाळाची फाइल किती वर्षं पाहणार, जुळं असेल तर दोघांची नोंद कशी, हे वेगवेगळ्या चौकोनांत विचारा. बाळ एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) गेलं तर पहिल्याच दिवशी नवजात विभागाची दुसरी टीम तिच्या चाचणीसाठी संमती मागायला येते. ऑपरेशन झालेल्या, बाळ अजून न पाहिलेल्या आईकडे एकाच दिवसात दोन कागद येतात आणि दोन्ही टीमना एकमेकींचा पत्ता नसतो. दोन्ही चाचण्यांत एकत्र राहता येईल का हे आधी ठरवून लिहावं, आणि विचारायला एकच व्यक्ती जावी.

बाळ दगावलं तर काय, हे आमच्या पाहण्यातल्या बहुतेक प्रोटोकॉलमध्ये नसतं. डेटाबेसला मृत्यू कळतो तो मृत्यूचा अर्ज भरल्यावर, आणि तो भरायला दिवस लागतात. तोवर ठरलेल्या तारखेला 'तुमचं बाळ सहा आठवड्यांचं झालं, तपासणीला या' असा संदेश आपोआप निघतो. हे टाळणं अवघड नाही : मृत्यूची खूण प्रसूतिकक्षातूनच त्याच तासाला करता यावी, खूण होताच सगळे आपोआप जाणारे संदेश बंद व्हावेत, आणि पुढचा फोन कॉल सेंटरकडून न जाता तिने पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीकडून जावा. अशा स्त्रियांना पुढच्या पाहणीतून परस्पर गाळूही नका. अनेकींना आपल्या बाळाची नोंद कुठेतरी मोजली जावी असं वाटतं. विचारा, आणि त्या म्हणतील तसं करा.

मोजमापाचा संमतीशी संबंध काय, असं वाटेल. संबंध असा की चुकीच्या मोजमापाने चुकीची बाई चाचणीत येते, आणि तिने ज्या आजारासाठी होकार दिला तो तिला नसतोच. बीपीचा पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटा वाढतो. पट्ट्यातल्या फुग्याने दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापला पाहिजे, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला हवा, आणि १४०/९० चार तासांच्या अंतराने दोनदा दिसायला हवं. रक्तस्राव डोळ्यांनी अजमावला तर कमीच धरला जातो, विशेषतः जास्त असतो तेव्हा. 'ई-मोटिव्ह'मध्ये नेहमीच्या पद्धतीने ५१ टक्के अतिरक्तस्राव ओळखला गेला, पिशवी वापरणाऱ्या रुग्णालयांत ९३ टक्के. पिशवी बाळ बाहेर आल्यावर, गर्भजल वाहून गेल्यावर सरकवायची. आधी लावली तर पाणीच रक्त म्हणून मोजलं जातं. भिजलेले कपडे वजन करताना कोरं वजन वजा करायचं आणि एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरायचं.

आठवड्यांचा हिशेब चुकला तर याहून मोठी गडबड होते. अकाली प्रसूतीत स्टिरॉइडचं इंजेक्शन बाळाची फुप्फुसं तयार करतं, हे न्यूझीलंडमधल्या चाचणीत १९७२ मध्येच दिसलं होतं. पण कमी साधनांच्या ठिकाणी ते सरसकट देण्यावरची, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी पाहा : हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू २३.९ वरून २७.४ वर गेले. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यांतल्या अनेकींची प्रसूती अकाली झालीच नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ॲक्शन-१' चाचणीत सोनोग्राफीने आठवडे पक्के करून, २६ ते ३४ आठवड्यांमध्ये, बाळाची काळजी घेता येईल अशाच रुग्णालयांत डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दर १२ तासांनी जास्तीत जास्त चार वेळा दिलं गेलं. तिथे नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध त्याच जातीचं; ते कुणाला आणि कुठे दिलं, एवढ्याने निकाल फिरला. म्हणून पाळीची तारीख आठवत नाही आणि १४ आठवड्यांच्या आतली सोनोग्राफीही नाही, अशा बाईबाबत काय करायचं हे आम्हाला स्पष्ट लिहून द्या. 'डॉक्टरांच्या निर्णयानुसार' याचा अर्थ रात्री दोन वाजता वेगळा होतो.

चाचणीतल्या बाईजवळ खिशात मावेल असं कार्ड हवं : चाचणीचं नाव, कोणतं औषध किंवा प्लासिबो असू शकतं, शेवटची मात्रा कधी, आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन. कळा येतील तेव्हा ती चाचणीच्याच रुग्णालयात पोचेल याची खात्री नसते. भूलतज्ज्ञाला मॅग्नेशियम मिळालं आहे का हे कळलंच पाहिजे, कारण त्याने स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढतो. कोड उघडायचा, म्हणजे तिला औषध मिळतंय की प्लासिबो हे पाहायचा, अधिकार एकट्या मुख्य संशोधकाकडे आणि तो प्रवासात, असं असू नये. मंजुरीआधी समितीने त्या नंबरवर रविवारी पहाटे एक फोन करून पाहावा, इतकं साधं आहे.

चाचणी थांबवण्याचे नियम आईसाठी आणि बाळासाठी वेगळे लिहा. वाढ खुंटलेल्या गर्भासाठी सिल्डेनाफिल वापरून पाहणारी नेदरलँड्समधली चाचणी जुलै २०१८ मध्ये थांबवली गेली, कारण मधल्या तपासणीत औषधाच्या गटातल्या बाळांना जन्मानंतर फुप्फुसांच्या रक्तदाबाचा त्रास जास्त दिसला आणि फायदा दिसत नव्हता. तो धोका सापडला तो जन्मानंतर बाळांकडे पाहिल्यामुळे. प्रसूतीपाशी निरीक्षण संपवणाऱ्या चाचणीला तो दिसलाच नसता. देखरेख समितीत नवजात शिशुतज्ज्ञ नसेल तर मंजुरी देऊ नका. चाचणी थांबली तर आधीच सहभागी असलेल्यांना बातम्यांतून कळायच्या आत कोण कळवणार, तेही आधीच ठरवा. आणि बाळाला झालेली इजा काही वर्षांनी लक्षात आली तर भरपाईचा दावा कुठे आणि कोणत्या मुदतीत करायचा, याचं उत्तर संमतिपत्रात हवं. डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉलचा परिणाम दिसायला मुली मोठ्या व्हाव्या लागल्या होत्या.

चाचणीत कोणता परिणाम मोजायचा हे निवडतानाही प्रसूतिकक्षातल्या कुणाला तरी विचारा. 'वुमन' चाचणीचा मुख्य परिणाम सुरुवातीला मृत्यू किंवा गर्भाशय काढणं असा होता आणि १५,००० स्त्रिया पुरेशा मानल्या होत्या. पुढे लक्षात आलं की गर्भाशय काढायचा निर्णय बऱ्याचदा चाचणीत घेण्याच्या वेळीच झालेला असतो, मग औषध त्यावर काय परिणाम करणार? संख्या वाढवून २०,००० करावी लागली. रक्तस्रावाच्या वेळी निर्णय कोणत्या क्रमाने होतात, हे तिथे काम करणाऱ्यांना रोज दिसतं.

बाहेर पडण्यासाठी एकच चौकोन नको, तीन हवेत : औषध थांबवा पण पाहणी चालू ठेवा, पाहणीही थांबवा पण आत्तापर्यंतची माहिती वापरा, आणि जिथे शक्य आहे तिथे माहितीही काढून टाका. बहुतेक जणींना फक्त पहिला हवा असतो आणि तो नसल्याने त्या पूर्ण बाहेर जातात. तसंच दुसऱ्या एखाद्या आजारावरच्या चाचणीत असताना दिवस गेले तर बाईला त्याच दिवशी बाहेर काढायचा रिवाज आहे. औषधाने तिला गुण येत असेल तर ते अचानक थांबवणंही जोखमीचंच. कोड उघडून, तिला काय मिळतंय ते सांगून, नव्याने विचारावं.

पुढचा प्रोटोकॉल तुमच्या समोर येईल तेव्हा त्यातलं संमतीचं प्रकरण काढून कुठल्याही प्रसूतिकक्षातल्या रात्रपाळीच्या परिचारिकेला वाचायला द्या. पहाटे तीन वाजता, चार बायका कळांमध्ये आणि हाताशी एकच मदतनीस असताना, हे करता येईल का, एवढंच तिला विचारा. ती जिथे 'नाही' म्हणेल ते कलम संशोधकाकडे परत पाठवा.

कळावे,

प्रसूती विभागांत चाचण्यांचं काम पाहणाऱ्या परिचारिका, मिडवाइफ, समन्वयक आणि डॉक्टर